तोच हा देवदत्त? अनेक प्रोसेसरांसाठी बांधलेल्या कंटेनर इमेजची समीक्षा

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी आम्हाला विचारलं, ‘सर, जन्मभर तर्कशास्त्र आणि न्यायदर्शन शिकवलंत, आता हे डॉकर-बिकर कशाला?’ उत्तर सोपं आहे. ‘हे तेच आहे’ असं कोणी म्हणतो तेव्हा तो ते कशाच्या आधारावर म्हणतो, हा आमच्या विषयातला फार जुना प्रश्न. वेदान्ताच्या वर्गात त्याचं ठरलेलं उदाहरण असतं : ‘तोच हा देवदत्त’. तेव्हा पाहिलेला, त्या गावातला देवदत्त आणि आज इथे समोर उभा असलेला देवदत्त. काळ वेगळा, जागा वेगळी, कपडे वेगळे, तरी आपण ‘तोच’ म्हणतो. संगणकाच्या धंद्यात हेच वाक्य रोज म्हटलं जातं, आणि कोणी आधार विचारत नाही. तो आज इथे चांदीपला बसून विचारायचा आहे.

समोरच्या तरुणांपैकी बरेचजण विरारहून लोकल पकडून याच कामाला जातात. त्यांना पुढची दोन मिनिटं कंटाळवाणी वाटतील. बाकीच्यांसाठी सांगतो. एखादा प्रोग्राम चालायला तो एकटा पुरत नाही. त्याला लागणाऱ्या लायब्ररी, फाइली, सेटिंग असा सगळा बारदाना बरोबर लागतो. हा बारदाना एकत्र बांधून ठेवला की त्याला म्हणायचं इमेज, आणि ती चालू केली की तो कंटेनर. ही पद्धत डॉकरमुळे घरोघरी गेली. डॉकर लोकांसमोर आलं ते मार्च २०१३ मध्ये. तेव्हापासून घोषणा अशी की एकदा बांधा, पाठवा, कुठेही चालवा.

रूपक बंदरावरून घेतलेलं आहे. आपल्या पालघर जिल्ह्यात ते समजावून सांगायला नको. वाढवण बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ ला झालं. (त्याला मच्छीमार बांधवांचा विरोध आहे आणि तो ऐकण्यासारखा आहे, पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.) न्हावाशेव्याला १९८९ पासून पोलादी पेट्या उतरतात. त्या पेटीचं वैशिष्ट्य काय, तर तिला खालचं वाहन कळत नाही. जहाज, मालगाडी, ट्रेलर, काहीही असो, पेटी तीच आणि आतला मालही तोच.

आमचा पहिला आक्षेप या रूपकावरच आहे. पोलादी पेटीतली साखर जहाजाशी बोलत नाही. कंटेनरमधला प्रोग्राम मात्र खालच्या यंत्राशी सतत बोलत असतो. कंटेनरला स्वतःचा कर्नल नसतो, तो यजमान यंत्राचाच कर्नल वापरतो, आणि त्यातल्या सूचना थेट त्या यंत्राच्या प्रोसेसरकडे जातात. प्रोसेसरांच्या भाषा वेगवेगळ्या. एक घराणं इंटेलच्या १९७८ च्या ८०८६ पासून चालत आलेलं. त्याचा ६४ बिटांचा विस्तार एएमडीने केला, म्हणून आजही इंटेलच्या यंत्रासाठी बांधलेल्या इमेजवर ‘एएमडी६४’ असंच लिहिलेलं असतं. दुसरं घराणं एआरएमचं, केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत १९८५ च्या सुमारास जन्मलेलं. आपल्या प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाईलमध्ये ते आहे. लिनक्सवरच्या चालवण्याच्या फाइलीच्या सुरुवातीलाच एक आकडा कोरलेला असतो : एएमडी६४ असेल तर ६२, एआरएम६४ असेल तर १८३. आकडा जुळला नाही की कर्नल हात वर करतो आणि पडद्यावर ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ अशी ओळ येते.

म्हणून पेटीपेक्षा आम्हाला रेल्वेचा डबा हे रूपक जास्त प्रामाणिक वाटतं. जुन्या माणसांना कुर्डुवाडी आठवत असेल. मुंबई-सोलापूरची ब्रॉडगेज, रुळांमधलं अंतर १,६७६ मिलिमीटर. आणि तिथेच बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज, ७६२ मिलिमीटर. १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी सुरू झाली. एका बाजूच्या वाघिणीतला माल काढून दुसऱ्या बाजूच्या वाघिणीत भरावा लागे, कारण माल तोच असला तरी चाकं तिथल्या रुळांची नव्हती. इमेज हा डबा आहे. त्याची चाकं एका रुळाला बसवलेली असतात.

आता कोणी म्हणेल, हा झगडा नवा आहे. नवा नाही. पुण्यातल्या सी-डॅकची गोष्ट बघा. संस्था १९८८ ची. १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला तो इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर नावाच्या प्रोसेसरांवर. (ट्रान्सप्युटरसाठी जी खास भाषा होती तिचं नाव ‘ऑकम’, मध्ययुगातला तत्त्वज्ञ विल्यम ऑफ ऑकम याच्यावरून ठेवलेलं. गरज नसताना वस्तूंची संख्या वाढवू नये असं सांगणाऱ्या माणसाचं नाव शेकडो प्रोसेसर जोडण्याच्या भाषेला मिळावं, याची आम्हाला नेहमी गंमत वाटत आली आहे.) पुढे परम ८६०० मध्ये इंटेलचा आय८६० आला. परम ९००० स्पार्कवर गेला, १९९८ चा परम १०००० अल्ट्रास्पार्कवर. नंतरचा परम पद्म आयबीएमच्या पॉवर४ वर. २००८ चा परम युवा इंटेल झिऑनवर, आणि २०२० च्या परम सिद्धी-एआयमध्ये एएमडीचे प्रोसेसर. तीस वर्षांत एका नावाच्या यंत्रमालिकेने किती घराणी बदलली, बोटांवर मोजा. आता सी-डॅक एआरएमच्या रचनेवर ‘औम’ नावाचा प्रोसेसर आखत आहे, आणि त्यांच्याच तिरुवनंतपुरम केंद्रातली ‘वेगा’ ही मालिका रिस्क-फाइव्ह या तिसऱ्याच घराण्यातली आहे.

या इतिहासातली आमच्या कामाची गोष्ट अशी : तेव्हा घराणं बदललं की ते सगळ्यांना दिसायचं. प्रोग्राम नव्या यंत्रावर न्यायचा म्हणजे ‘पोर्टिंग’ नावाचं एक वेगळं काम असे. ते करणारा माणूस असे, त्याला किती महिने लागले ते माहीत असे, आणि गणिताचं उत्तर जुन्या यंत्राशी जुळलं का हे तो तपासत बसे. आज तेच काम एका ओळीच्या आज्ञेत होतं. काम सोपं झालं याचं आम्हाला दुःख नाही. तपासणारा माणूस कुठे गेला, एवढंच विचारायचं आहे.

खंडन करायचं तर आधी पूर्वपक्ष नीट मांडावा लागतो, अर्धवट मांडून त्याच्यावर तुटून पडणं योग्य नव्हे. तेव्हा पूर्वपक्ष ऐका. रजिस्ट्री म्हणजे इमेजेसचं कोठार. पूर्वी एका नावामागे एकच इमेज असे. मग एक यादी आली, तिला मॅनिफेस्ट लिस्ट म्हणा किंवा इमेज इंडेक्स म्हणा. आता नावामागे इमेज नसते, यादी असते : एएमडी६४ हवी असेल तर ही, एआरएम६४ हवी असेल तर ती. तुमचं यंत्र स्वतःचं घराणं ओळखतं, यादीतली आपली ओळ निवडतं आणि तेवढंच उतरवून घेतं. डॉकरच्या अधिकृत इमेजेस २०१७ पासून अशा मिळू लागल्या. ज्याने ही कल्पना काढली त्याला आम्ही मनापासून दाद देतो. शाळेतल्या मुलाचा चार-पाच हजारांचा रास्पबेरी पाय आणि मुंबईच्या डेटा सेंटरमधला सर्व्हर एकच नाव उच्चारतात आणि दोघांना आपापल्या मापाचं मिळतं. श्रीमंताचं नाव वेगळं, गरिबाचं वेगळं, असं राहिलं नाही.

आणि याची निकडही खरी आहे. अॅमेझॉनने २०१८ मध्ये ग्रॅव्हिटॉन नावाचे एआरएम सर्व्हर भाड्याने द्यायला सुरुवात केली. भाडं कमी, म्हणून कंपन्या तिकडे वळल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये अॅपलने एम१ आणला, आणि इमेज बनवणाऱ्याच्या मांडीवर एआरएम, चालवणाऱ्या सर्व्हरमध्ये एएमडी६४, अशी उलटी गंगा सुरू झाली. दोन्ही घराण्यांसाठी इमेज बांधणं ही आता हौस राहिलेली नाही.

इथपर्यंत आम्ही पूर्वपक्षाच्या बाजूने आहोत. आता उत्तरपक्ष.

त्या यादीतल्या दोन ओळी ‘तोच’ प्रोग्राम आहेत, हे कोण सांगतं? यादी सांगत नाही. यादीत प्रत्येक ओळीपुढे घराण्याचं नाव असतं आणि इमेजचा डायजेस्ट, म्हणजे तिच्या बाइट्सवरून काढलेला लांबलचक आकडा. दोन ओळींचे डायजेस्ट वेगळे असतात आणि असणारच. एएमडी६४ च्या ओळीवर तुम्ही डेटाबेस ठेवला आणि एआरएम६४ च्या ओळीवर बुद्धिबळाचा खेळ, तर रजिस्ट्री ते मुकाट्याने स्वीकारते. यादीवर डिजिटल सही केली, तरी सही सांगते ती कोणाची आहे एवढंच. आतले दोघे भाऊ आहेत का, हे सहीला माहीत नसतं.

नैयायिक इथे एक फार उपयोगी भेद करतात. जाती आणि उपाधी. सगळ्या गाईंमध्ये गोत्व आहे, ती जाती. सगळ्या आचाऱ्यांमध्ये पाचकत्व आहे, पण ती जाती नव्हे. स्वयंपाक करतात म्हणून बाहेरून लावलेला तो शिक्का आहे, उपाधी आहे. इमेजचं नाव ही उपाधी आहे. आम्ही पाहतो की लोक तिला जाती समजून चालतात. एएमडी६४ वर चाचण्या पास झाल्या म्हणजे ‘इमेज’ पास झाली, असं म्हणतात. पास झाला तो एक देह.

मग देवदत्ताचा उपाय करून बघू. अद्वैती म्हणतात, ‘तो’ मधला तेव्हाचा काळ सोडा, ‘हा’ मधला आताचा काळ सोडा, परस्परविरोधी भाग टाकून दिलात की उरतो तो देवदत्त. दोन इमेजेसमधला विरोधी भाग टाकला तर काय उरतं? मशीनच्या सूचना जातात. लायब्ररींच्या फाइली जातात, त्याही घराण्यागणिक वेगळ्या. उरतो मूळ सोर्स कोड आणि डॉकरफाईल, म्हणजे पाककृती. आणि पाककृती तरी खरंच एक आहे का? डॉकरफाईलमध्ये ‘अमुक पॅकेज आणा’ असं लिहिलेलं असतं. पायथनमध्ये एका घराण्यासाठी तयार बांधलेलं पॅकेज मिळतं. दुसऱ्यासाठी मिळालं नाही तर तिथल्या तिथे कच्च्या कोडमधून कंपाइल केलं जातं, जो कंपायलर हाताशी असेल त्याने. ओळ एकच लिहिलेली, पण एका घरी बाजारातलं पीठ आणि दुसऱ्या घरी जात्यावर दळलेलं.

म्हणजे सारखेपणा कुठे शोधायचा? एकाच घराण्यासाठी पुन्हा बांधलेली इमेज बाइटला बाइट जुळवून बघता येते. दोन घराण्यांत ती सोय मुळातच नाही. तिथे फक्त वागणं तपासता येतं : सारखं दिलं तर सारखं परत येतं का. हे तपासायला प्रोग्राम चालवावा लागतो. आणि खरी गोम इथे आहे.

दुसऱ्या घराण्याची इमेज बांधायचे तीन रस्ते. एक, त्या घराण्याचं खरं यंत्र आणा आणि त्यावर बांधा. दोन, क्रॉस-कंपाइल, म्हणजे आपल्याच यंत्रावर बसून दुसऱ्याच्या भाषेत सूचना लिहून घ्या. गो सारख्या भाषेत हे सोपं, सी मध्ये त्रासाचं. तीन, नक्कल. फ्रान्सच्या फाब्रिस बेलारने २००३ मध्ये क्यूएमू हे अप्रतिम सॉफ्टवेअर दिलं. ते एका प्रोसेसरवर दुसऱ्याची सोंगं वठवतं. लिनक्सच्या कर्नलला सांगून ठेवायचं की १८३ आकड्याची फाइल आली की ती क्यूएमूकडे दे. डॉकरचं बिल्डएक्स २०१९ मध्ये आलं, त्यात ही जोडणी इतकी सहज झाली की एका आज्ञेत चार घराण्यांच्या इमेजेस बाहेर पडतात. कैक पटीने हळू, पण बाहेर पडतात.

नकलेवर बांधण्याला आमची हरकत नाही. नकलेवर बांधून, नकलेवरच चाचणी घेऊन ‘एआरएमवर चालते’ असं जाहीर करण्याला आहे. कारण नक्कल करणारा खऱ्यापेक्षा हुशार असतो. क्यूएमूला वेगळं काही सांगितलं नाही, तर ते जमेल तितक्या सगळ्या क्षमता असलेला एआरएम प्रोसेसर वठवतं. गावातल्या मुलाकडचा खरा प्रोसेसर तेवढा शिकलेला नसतो. मोंगोडीबीचं उदाहरण तर जाहीर कागदावरचं आहे : ५.० आवृत्तीपासून त्यांनी एआरएमसाठी आठव्या पिढीचा दुसरा सुधारित संच ही किमान अट ठेवली. २०१९ चा रास्पबेरी पाय ४ हा ६४ बिटांचाच, पण त्याचा प्रोसेसर त्या सुधारणेच्या आधीचा. यादीत ‘एआरएम६४’ लिहिलेलं, यंत्रही एआरएम६४, इमेज बिनतक्रार उतरते, आणि चालू करताच ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’. कंपनीने अट लिहून ठेवली आहे, त्यांना दोष नाही. दोष लेबलच्या जाडपणाचा आहे. इंटेल-एएमडीच्या घराण्यातही तेच. २०२० मध्ये त्या घराण्याच्या चार पायऱ्या ठरवल्या गेल्या. रेड हॅटच्या नवव्या आवृत्तीला दुसरी पायरी लागते, दहावीला तिसरी. तिसरी पायरी साधारण २०१३ नंतरच्या प्रोसेसरांत आली. शाळांना दान म्हणून येतात ते संगणक बहुतेक त्याच्या आधीचे. लेबलवर मात्र नुसतं ‘एएमडी६४’. पोटभेद लिहायला रकाना आहे, पण तो बहुधा रिकामाच सोडतात.

नक्कल आणखी एका ठिकाणी फसवते, आणि हे जरा सूक्ष्म आहे. दोन गडी आहेत. पहिल्याने फळीवर पिशवी ठेवली आणि मग ‘ठेवली’ अशी पाटी लावली. दुसरा पाटी बघून पिशवी उचलायला जातो. इंटेलच्या घराण्यात पहिल्याच्या कामाचा क्रम दुसऱ्याला तसाच दिसेल अशी हमी आहे. एआरएमच्या घराण्यात ती हमी नाही. वेगासाठी प्रोसेसरला मुभा आहे, त्यामुळे पाटी आधी आणि पिशवी नंतर दिसू शकते. क्रम हवा असेल तर प्रोग्रामरने तसं स्पष्ट सांगायचं. ज्याने सांगितलं नाही त्याची चूक इंटेलवर वर्षानुवर्षं झाकलेली राहते. आणि इंटेलच्या यंत्रावर एआरएमची नक्कल केली, तर खालचं यंत्र इंटेलचंच असल्यामुळे ती चूक बहुधा दिसतच नाही. ज्या दोषासाठी चाचणी घ्यायची तोच दोष ही चाचणी लपवते. दशांशांच्या हिशेबातही शेवटच्या घरात फरक पडतात, गुणाकार-बेरीज एका दमात करण्याच्या सोयीमुळे. त्यात आज शिरत नाही.

शिरायचं आहे ते आपल्या भाषेत.

सी भाषेत ‘कॅर’ नावाचा एक प्रकार आहे, एका बाइटचा. त्यातला आकडा उणे असू शकतो की नाही, हे भाषेने ठरवलेलंच नाही, बांधणाऱ्यावर सोडलं आहे. लिनक्सवर इंटेल-एएमडीच्या घराण्यात तो उणे असू शकतो, एआरएमच्या घराण्यात नाही. इंग्रजी अक्षरांना याचा काडीचाही फरक पडत नाही, त्यांचे आकडे १२७ च्या आत. देवनागरीचं तसं नाही. यूटीएफ-८ मध्ये ‘क’ हे अक्षर तीन बाइट्सचं : २२४, १६४, १४९. तेच बाइट्स उणे मानणाऱ्या यंत्रावर वाचा : उणे ३२, उणे ९२, उणे १०७. आपल्या लिपीचा प्रत्येक बाइट १२७ च्या वर आहे. प्रत्येक.

आता समजा कोणी नावं साफ करणारा छोटा प्रोग्राम लिहिला. नको असलेली अदृश्य चिन्हं काढून टाकायची म्हणून त्याने अट घातली : ३२ पेक्षा लहान आकडा आला की टाकून दे. फार साधी अट, अनेकांनी लिहिलेली असेल. एआरएमवर २२४ हा ३२ पेक्षा मोठा, नाव शाबूत. एएमडी६४ वर उणे ३२ हा ३२ पेक्षा लहान, अक्षर गेलं. पुढचं गेलं. त्याच्या पुढचं गेलं. रोमन लिपीतली सविता राहते, देवनागरीतली सविता पुसली जाते. एकच नाव असलेली इमेज, एकच सोर्स कोड, एकच डॉकरफाईल. लिहिणाऱ्याच्या एम१ लॅपटॉपवर लिनक्स कंटेनरमध्ये सगळं ठीक दिसलं, सर्व्हरवर यादी कोरी आली. असं अमुक ठिकाणी घडलं असं आम्ही म्हणत नाही. घडायला लागणारं सगळं साहित्य हजर आहे एवढंच दाखवतो. सातबारा, रेशनकार्ड, मतदारयादी, शाळेचा दाखला, सगळीकडे नावं देवनागरीत आहेत, तेव्हा हे साहित्य कुठे पडलेलं आहे ते तुम्हीच बघा.

न्यायाने सांगायचं तर हा दोष क्यूएमूच्या नकलेतही पकडला जातो, कारण तो कंपाइल करतानाच ठरतो. फक्त चाचणीत एक देवनागरी नाव असायला हवं. नसतं. चाचण्यांमधली माणसं जॉन आणि अॅलिस असतात. ज्या दोन देहांना आपण ‘तोच’ म्हणतो ते इंग्रजीपुरते ‘तोच’ असतात आणि मराठीत आले की वेगळे होतात, ही आम्हाला या सगळ्या विषयातली सगळ्यात बोचणारी गोष्ट वाटते. सी-डॅकच्या पुण्यातल्याच मंडळींनी जिस्टचं काम करताना, भारतीय लिप्यांसाठी एक सामाईक संकेत राबवताना, यंत्र इंग्रजीपुरतं तपासून चालत नाही हा धडा गिरवला होता. तो संकेत १९९१ मध्ये भारतीय मानकही झाला. धडा तिथेच राहिला.

आधी आलेला एक प्रश्न इथेच घेतो, कारण तो पुन्हा येणार : ‘मग आम्ही एआरएमसाठी इमेज काढूच नये का?’ काढा. पण कमी खर्चाची वाट माहीत करून घ्या. बांधणीचे टप्पे दोन करा. जड काम, म्हणजे कंपाइल करणं, आपल्याच यंत्राच्या भाषेत चालू द्या आणि सूचना तेवढ्या दुसऱ्या घराण्यासाठी लिहून घ्या; डॉकरफाईलमध्ये बांधणारं यंत्र कोणतं आणि चालवणारं कोणतं हे वेगवेगळं सांगायची सोय आहे, ती याचसाठी. नक्कल शेवटच्या छोट्या टप्प्यापुरती ठेवा. आणि तयार झालेली प्रत्येक इमेज एकदा तरी त्या घराण्याच्या खऱ्या यंत्रावर चालवा. एआरएमचा सर्व्हर तासाच्या भाड्याने मिळतो. तेही परवडत नसेल तर कोणाचा तरी रास्पबेरी पाय मागून आणा. उलट तेच बरं, कारण तुमची इमेज शेवटी तसल्याच यंत्रावर जाणार आहे. चाचणीतल्या नावांत स्वतःच्या आजीचं नाव घाला, देवनागरीत, जोडाक्षरासकट. आणि किमान कोणता प्रोसेसर लागतो ते वर्णनात लिहा, यादीत रकाना भरता येत असेल तर तिथेही.

हे जमलं नाही तर? तर ती ओळ यादीत घालू नका. चार घराण्यांची नावं दिसली की प्रकल्प भारदस्त वाटतो, हे आम्हाला समजतं. पण तपासलेल्या दोनच असतील तर दोनच ठेवा. तिसऱ्या घराण्याचं यंत्र मागायला येईल तेव्हा रजिस्ट्रीच्या यादीत त्याला आपली ओळ सापडणार नाही आणि ‘या यंत्राशी जुळणारी इमेज यादीत नाही’ अशा अर्थाचा निरोप मिळेल. तरुण मंडळी या निरोपाला एरर म्हणतात आणि वैतागतात. आम्हाला तो या सगळ्या व्यवस्थेतला सगळ्यात सभ्य निरोप वाटतो. ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ येतं ते घरात घेतल्यावर, पुसलेलं नाव तर कळतही नाही. हा मात्र दारातच सांगतो की तुमच्यासाठी अजून कोणी बांधलेलं नाही. ज्याला गरज आहे तो मग बांधेल, किंवा बांधणाऱ्याला गाठेल. डबा नॅरोगेजचा नाही हे कुर्डुवाडीच्या फलाटावर कळलेलं बरं.

आता प्रश्न घेऊ. माइक मागच्या रांगेकडे द्या, त्यांनी मघापासून हात वर केलेला आहे.